वाळीत टाकल्याचा लेखी हुकूम कुणी देत नाही, गृहमंत्री महोदय

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याची धार्मिक पंथांच्या बाबतीत अंमलबजावणी

महोदय,

मी तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी मला दोन प्रश्न विचारले. वाळीत टाकल्याचा लेखी हुकूम आहे का? आणि तुमच्यात जातपंचायत असते का? दोन्हींना मी नाही म्हणालो. त्यांनी अर्ज माझ्याकडे परत सरकवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "घरातला मामला आहे, चार माणसं बसवून मिटवून टाका."

अधिकारी उर्मट नव्हते, उलट त्यांनी चहा मागवला. अडचण अशी की ज्या चार माणसांना बसवायचं, त्यांच्याविरुद्धच माझी तक्रार होती.

हा कायदा आला कसा, हे आठवलं तर त्यांचा गैरसमज कळतो. रायगडमध्ये गावकीने, म्हणजे गावच्या पंचांनी, घरं वाळीत टाकल्याची प्रकरणं वर्तमानपत्रांत गाजली, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ पासून 'जातपंचायत मूठमाती अभियान' चालवलं, आणि त्या रेट्यातून २०१६ मध्ये विधिमंडळाने कायदा केला. जुलै २०१७ पासून तो लागू आहे. त्यामुळे 'सामाजिक बहिष्कार' म्हटलं की पारावर बसलेले पंच आणि दंडाची रक्कम एवढंच पोलिसांच्या डोळ्यांपुढे येतं. कायद्यातली 'समाज' या शब्दाची व्याख्या मात्र जातीपाशी थांबत नाही. जन्माने, धर्मांतराने किंवा धार्मिक विधीने एकत्र आलेला गटही तिच्यात बसतो. गुन्हा दखलपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगून झालं आहे. लेखी हुकुमाची अट यातल्या कशातच नाही.

माझ्या पंथाचं नाव मी इथे लिहीत नाही. भीती मला माझ्यासाठी नाही. आई अजून तिथेच राहते.

माझा अपराध सांगतो. दर महिन्याला आम्ही जी वर्गणी देतो तिचा लेखापरीक्षण झालेला हिशेब मी पंथाच्या न्यासाच्या सभेत मागितला. मी व्यवसायाने हिशेबनीस आहे, सवयच लागलेली. सभेत कुणी काही बोललं नाही. पुढेही कुणी फतवा काढला नाही, नोटीस लावली नाही. आठवड्याभरात पुतण्याच्या लग्नाचं परवानगीपत्र अडलं. आमच्यात ते पत्र असल्याशिवाय लग्न लावायला कुणी येत नाही. भावाला तोंडी सांगण्यात आलं, "आधी घरातलं निस्तरा, मग या." घरातलं म्हणजे मी. भावाने निस्तरलं. लग्नाच्या पत्रिकेवर माझं नाव नव्हतं, आणि मला पत्रिकाही नव्हती.

भावाला मी दोष देत नाही. पोराचं लग्न एका पारड्यात आणि भाऊ दुसऱ्या पारड्यात टाकल्यावर कुठलाही बाप काय करेल? या पद्धतीची मेख हीच आहे. धर्मगुरूला स्वतःला काहीच करावं लागत नाही. तो फक्त एक सही रोखून धरतो आणि बाकीचं काम आपलीच माणसं रडत रडत करतात.

माझ्या चुलत मेहुण्याचं किराणा दुकान आहे. त्याने माझ्याशी बोलणं सोडलं नाही, एवढाच त्याचा गुन्हा. त्याची उधारीची वही मीच तपासतो. एका शुक्रवारपर्यंत तिच्यात आमच्या लोकांची घरं रोज दिसतात: साखर, तेल, साबण, कुणाचे राहिलेले सुटे पैसे. त्यानंतर एकही घर नाही. बाकीची गिऱ्हाइकं जशीच्या तशी, आमचीच तेवढी गायब. सगळ्यांची साखर काही एकाच दिवशी संपत नाही. पुरावा हवा असेल तर तो असा असतो, महोदय. वहीत असतो, व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून एकाच संध्याकाळी काढून टाकलेल्या नंबरांत असतो. शोधायचं म्हटलं तर सापडतो.

आणि आई. तिच्या मोबाइलमध्ये माझा नंबर 'गॅसवाले' या नावाने आहे. सून शेजारी असताना मी फोन केला तर ती म्हणते, "अजून संपला नाही, पुढच्या आठवड्यात पाठवा." मग मी ठेवून देतो. सुनेलाही ठाऊक असावं, असं मला वाटतं. तीही तसं दाखवत नाही.

हे नवं नाही आणि कुठल्या एका धर्माचंही नाही. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून जे ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण, माजलं, त्यात टिळकही होते आणि रानडेही. हायकोर्टाच्या न्यायमूर्तिपदापर्यंत पोचणारा माणूस, पण रानड्यांनाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एकटा माणूस एक वेळ तग धरतो. पण श्राद्धाला भटजी मिळेना, लेकीबाळींना माहेर तुटलं, की तो वाकतो.

आपल्या खुर्चीचाही यात जुना संबंध आहे. १९४९ साली मुंबई राज्यात बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना समाजातून बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा झाला. हजार रुपयांपर्यंत दंड होता, त्या काळी मोठी रक्कम. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सैयदना यांनी त्याला आव्हान दिलं आणि जानेवारी १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो रद्द केला. पंथाची शिस्त राखण्यासाठी बहिष्कृत करणं ही धर्माची अंतर्गत बाब आहे, घटनेचा अनुच्छेद २६ तिला संरक्षण देतो, असं बहुमत म्हणालं. वेगळं मत होतं ते खुद्द सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हांचं. बहिष्कृत माणसाचे नागरी हक्क हिरावले जातात, त्याची अवस्था अस्पृश्यासारखी होते, असं ते म्हणाले आणि त्यांनी अस्पृश्यता बंद करणाऱ्या अनुच्छेद १७ कडे बोट दाखवलं. माझ्या मते त्या निकालातलं वाचण्यासारखं पान तेच.

पुढे 'सिटिझन्स फॉर डेमोक्रसी' या संघटनेने न्या. नाथवानी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. १९७९ च्या अहवालात सुधारणावादी बोहरांच्या बहिष्काराची आणि छळाची नोंद आहे. पंथाच्या नेतृत्वाचा त्या आयोगालाच विरोध होता, हेही नमूद केलं पाहिजे. १९८६ मध्ये सुधारणावाद्यांनी १९६२ च्या निकालाचा फेरविचार मागितला. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो प्रश्न नऊ न्यायमूर्तींकडे पाठवला. मधल्या काळात किती अर्जदार गेले असतील, याचा विचार नको वाटतो.

घटनेचा प्रश्न न्यायालय सोडवील. २०१६ चा कायदा मात्र आज लागू आहे आणि तो राबवणं आपल्या हातात आहे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. कुणी कुणाशी बोलावं हे पोलीस ठरवणार का? नाही, ठरवूच नये. एखाद्याला माझं तोंड पाहायचं नसेल तर तो त्याचा हक्क आहे. प्रार्थना कुणी चालवायची, कुणाला कुठला धार्मिक मान द्यायचा, यातही मला सरकार नको. पण बोलणं टाकणं वेगळं आणि 'बोलशील तर मुलाचं लग्न अडेल' असं बजावणं वेगळं. गुन्हा त्या बजावण्यात आहे. ज्याने बोलणं सोडलं तो बहुतेक वेळा आरोपी नसतो, साक्षीदार असतो, तोही घाबरलेला. पोलीस नेमकं उलटं करतात. माझ्या भावाला ठाण्यात बोलावून विचारलं, "तुम्ही यांना वाळीत टाकलंत का?" तो काय सांगणार होता? बाहेर व्हरांड्यात न्यासाचे दोन विश्वस्त बसले होते.

म्हणून मागणी आधी परिपत्रकाची. हा कायदा धार्मिक पंथांनाही लागू आहे, लेखी हुकूम नसला तरी तक्रार नोंदवायची आहे आणि नातेवाइकांचे जबाब समाजाच्या पुढाऱ्यांच्या गैरहजेरीत घ्यायचे आहेत, असं स्पष्ट मराठीत लिहून ते प्रत्येक ठाण्यात पाठवा. ठाण्यात 'समेटाची बैठक' घेणं बंद करा. तिथून माणूस सुटतो तो माफीनाम्यावर सही करूनच. याच कायद्यात सामाजिक बहिष्कार प्रतिबंध अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. आपल्या जिल्ह्यात तो कोण, हे सामान्य माणसाला तहसील कचेरीच्या फलकावर वाचता यायला हवं.

दुसरी बाब आपल्या खात्याची नाही, विधी व न्याय विभागाची आहे, पण मंत्रिमंडळात आपण शेजारीच बसता. सभागृहं, दफनभूमी, वसतिगृहं, बऱ्याच ठिकाणी शाळासुद्धा नोंदणीकृत सार्वजनिक न्यासांच्या ताब्यात असतात. पंथाची खरी ताकद श्रद्धेत जेवढी आहे त्याहून अधिक या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली या न्यासांना हिशेब तपासून घ्यावे लागतात, आणि गैरकारभार केलेल्या विश्वस्ताला कलम ४१ड नुसार पदावरून दूर करता येतं. बहिष्काराचा गुन्हा दाखल झाला की त्याची प्रत धर्मादाय आयुक्तांकडे आपोआप जावी, एवढी सोय दोन खात्यांनी मिळून केली तरी पुष्कळ होईल. तुरुंगाला न घाबरणारा विश्वस्त खुर्ची जाण्याला घाबरतो, हे मी हिशेबनीस म्हणून जवळून पाहिलं आहे.

माझं नाव, पत्ता आणि परत आलेला अर्ज आपल्या कार्यालयाला पाठवलेल्या प्रतीसोबत जोडला आहे. चौकशीला कुणी आलं तर कृपया माझ्या कचेरीत यावं, आईच्या घरी गणवेशातला माणूस पाठवू नये. परिपत्रक निघालं तर त्याचा क्रमांक आणि तारीख कळवावी. पुढच्या वेळी ठाण्यात जाताना मला ती सोबत न्यायची आहे.

आपला,
एक हिशेबनीस