स्वार्थ म्हणजे नक्की कोणाचा?

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

परवा ‘देशांना स्वार्थ तेवढा कळतो, बाकी सगळी वेलबुट्टी’ असं म्हणून तू फोन ठेवलास. तेव्हापासून मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडतोय. स्वार्थ असतो, कबूल. पण ‘आपण कोण’ हे ठरल्याशिवाय आपलं हित कशात आहे, हे कसं कळणार?

जर्मनीच बघ. ७ डिसेंबर १९७० रोजी पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, विली ब्रांट पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, नाझींविरुद्धच्या ज्यूंच्या उठावाच्या स्मारकापाशी गेले. पुष्पचक्राची फीत सारखी केली, मागे सरले आणि ओल्या दगडावर गुडघे टेकले. एक शब्द बोलले नाहीत. हा माणूस स्वतः नाझींपासून पळून नॉर्वेत राहिलेला. त्याच्या हातून काहीच घडलं नव्हतं! आणि घरी? त्या वेळच्या पाहणीत पश्चिम जर्मनीतल्या ४८ टक्के लोकांना ते अती वाटलं, ४१ टक्क्यांना योग्य. म्हणजे ‘राष्ट्राची ओळख’ म्हणतो तीवर घरातच एकमत नव्हतं.

पुढची गोष्ट मला जास्त छळते. १९९९ साली कोसोव्होतल्या अल्बेनियन लोकांवरचे सर्बियाचे अत्याचार थांबवायला नाटो या पाश्चात्त्य लष्करी गटाचे हवाई हल्ले चालू होते आणि दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथमच जर्मन विमानं लढाईत उतरली होती. परराष्ट्रमंत्री योश्का फिशर शांततावादी ग्रीन पक्षाचे. बीलेफेल्डच्या पक्ष-अधिवेशनात युद्धाला विरोध म्हणून त्यांच्यावर लाल रंग भरलेली पिशवी फेकली गेली, कानाचा पडदा फाटला. तसेच रंगलेल्या कोटात ते बोलायला उभे राहिले: पुन्हा युद्ध नको हे मी शिकलो, तसंच पुन्हा आउश्वित्झ, ती नाझींची ज्यूंच्या संहाराची छावणी, नको हेही. फेकणाऱ्याचा आणि त्यांचा इतिहास एकच, धडे मात्र उलटे. यात तुझा स्वार्थ कुठे बसतो?

तुझ्या बाजूचंही सांगतो. रशियाशी सुमारे १,३४० किलोमीटरची सीमा असलेल्या फिनलंडसाठी अलिप्तता ही बरीचशी गरज होती. स्वीडनसाठी मात्र ती जवळजवळ दोनशे वर्षांची स्वतःविषयीची समजूत होती. युक्रेनवर हल्ला झाल्यावर दोघेही नाटोत गेले, फिनलंड २०२३ला, स्वीडन २०२४ला. फिनलंडने हिशोब बदलला; स्वीडनला आधी स्वतःची समजूत घालावी लागली. भीतीपुढे ओळखही वाकते, एवढं मी मान्य करतो. त्याहून जास्त नाही.

उत्तर लिहूनच पाठव. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझा,
अनिल