कुंडीवर भरल्याची तारीख हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत घरातल्या ऑर्किडविषयीचा लेख वाचला. गॅलरीत ऑर्किड लावावीत असे लोकांना वाटू लागले आहे आणि आपण त्याची दखल घेता, याचा मनापासून आनंद झाला. मात्र ‘ऑर्किड कुजू लागले की पाणी तोडा’ हा त्यातला सल्ला सगळ्या जातींना सरसकट लावला आहे. स्लिपर ऑर्किड त्या सल्ल्याने वाचत नाही, उलट लवकर मरते. म्हणून हे पत्र.

डेंड्रोबियम या ऑर्किडच्या जाड कांडीत पाण्याचा साठा असतो. काही दिवस पाणी चुकले तरी ते तग धरते. स्लिपर ऑर्किडला, म्हणजे पॅफिओपेडिलमला, असा साठाच नाही. फुगीर खोड नाही, कंद नाही. पानांचा एक पंखा आणि त्याखाली तपकिरी लव असलेली मोजकी मुळे. रानात यांच्या बहुतेक जाती पालापाचोळ्यात किंवा शेवाळलेल्या खडकांच्या फटींत वाढतात. तिथे ओल असते आणि हवाही खेळती असते, दोन्ही एकाच वेळी. कुंडीत हे साधणे पाण्याच्या तांब्यावर कमी आणि कुंडीत काय भरले आहे यावर जास्त अवलंबून असते.

ऑर्किडच्या कुंडीत मातीऐवजी पाइनच्या सालीचे तुकडे भरतात. ते नवे असतात तेव्हा त्यांच्यामध्ये मोकळ्या फटी असतात. पाणी खाली निघून जाते, तुकडे ओलसर राहतात, मुळांना हवा मिळते. हळूहळू साल कुजते, तिचा चुरा होतो आणि तो चुरा त्या फटींत जाऊन बसतो. मग कुंडीच्या तळाशी पाणी धरून राहते, मुळे गुदमरतात आणि मेलेल्या मुळांवर बुरशी येते. परदेशी पुस्तकांत दीड-दोन वर्षांनी साल बदला असे लिहिलेले असते. आमच्या नेरुळला जून ते सप्टेंबर वाळत घातलेले कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात; इथे मी वर्षाच्या वर साल ठेवत नाही. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तर याहून वाईट, ते पहिल्या दिवसापासूनच बारीक असते. रोपे त्यातच भरून का विकतात ते मला समजते, ते स्वस्त आहे आणि दुकानात रोज पाणी घालावे लागत नाही. पण घरी आणल्यावर पहिल्या पावसाळ्यात त्याचा चिखल होतो.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या इमारतीतल्या एक बाई पाने लोळलेले रोप घेऊन माझ्याकडे आल्या. ‘टीचर, पाणी कमी केले तरी सुकते, जास्त केले तरी सुकते,’ असे त्यांचे म्हणणे. वर्तमानपत्र अंथरून कुंडी उलटी केली. वरून साल छान कोरडी होती. मधोमध मात्र मुठीएवढा स्फॅग्नम मॉसचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा, गोळा, रोप लहान असताना भरलेला आणि पुढे कुणी न काढलेला. तो पिळला तर पाण्याची धार लागली आणि उघड्या गटाराचा वास सुटला. एक मूळ चिमटीत धरून हलके ओढले, तर वरचे साल मोज्यासारखे निघून आले आणि हातात फक्त दोऱ्यासारखी शीर राहिली. मुळे अशी झाली की झाड पाणी पिऊच शकत नाही. त्याची पाने तहानेने लोळतात, आणि तळाशी पाणी तसेच उभे असते. जिवंत मूळ दाबले तर टणक लागते, त्याचे टोक फिकट असते. तशी थोडी मुळे उरली होती म्हणून ते रोप लहान कुंडीत नव्या सालीत बसवता आले. लहान कुंडी मुद्दाम घेतली. मुळे थोडी आणि कुंडी मोठी असली की मधला भाग वाळतच नाही.

विक्रेत्याने त्या बाईंना एक पांढरी पूड दिली होती, कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक. कुठलीही कुज म्हटली की हीच पुडी हातात ठेवली जाते. पावसाळ्यात काळी कुज आणणारे पिथियम आणि फायटोफ्थोरा या औषधाला दाद देत नाहीत, आणि पानाच्या बुडाशी पाणचट तपकिरी डाग पडून एक-दोन दिवसांत पंखा गळून पडतो ती कुज तर जिवाणूंची असते. तिथे स्वच्छ ब्लेडने निरोगी भागापर्यंत कापणे आणि झाड वाऱ्यात कोरडे ठेवणे, हाच पहिला उपाय. कापल्या जागी दालचिनीची पूड चालते, मुळांवर मात्र टाकू नये, ती मुळे सुकवते. पाणी सकाळीच घालावे, आणि पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या बेचक्यात, साचलेले पाणी संध्याकाळच्या आत कागदाने टिपून घ्यावे.

माझ्या कुंड्यांत मध्यम आकाराची साल जास्त असते, सोबत लाकडी कोळसा आणि परलाइट, म्हणजे फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे. नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरायचे तर पाणी बदलत काही दिवस भिजवावेत, त्यांत क्षार असतात. निव्हियम, बेलॅट्युलम या जाती चुनखडीच्या खडकांवरच्या. त्यांच्या कुंडीत कालवांच्या धुतलेल्या शिंपल्यांचा भरडा मूठभर घालते. आपल्या उकाड्यात इन्सिग्नेसारखी थंड डोंगरातली जात आणूच नये. ठिपकेदार पानांच्या मॉडिए संकरित जाती इथे नीट फुलतात.

माझी मागणी साधी आहे. विकायच्या कुंडीवर दोन ओळी लिहाव्यात: आत काय भरले आहे आणि कोणत्या महिन्यात भरले. आज गिऱ्हाईक फूल बघून पाचशे-हजार मोजतो आणि जे सडणार आहे त्याची माहिती त्याला मिळत नाही. तिसरी ओळ रोप कुठे तयार झाले याची असावी. सगळ्या पॅफिओपेडिलम साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहेत आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडच्या रानातून त्यांना उपटण्यास बंदी आहे. दक्षिण भारतातली यांची एकमेव जात, केरळ-तमिळनाडूच्या सीमेवरच्या अगस्त्यमलई डोंगरांतली ड्रुरी, हावरटपणे गोळा केल्यामुळे नामशेष होण्याच्या काठावर आली. रानातून उपटलेल्या रोपाची मुळे तुटलेली असतात, ते आपल्या गॅलरीत कुजण्यासाठीच येते.

ठाण्यात आणि नवी मुंबईत हिवाळ्यात फुलांची प्रदर्शने भरतात. तिथे फुलांना बक्षिसे मिळतात, ती मिळावीतच. त्याच मांडवात एका टेबलावर कुंडी उलटी करून मुळे दाखवणारा, साल चाळून नव्याने भरून दाखवणारा एक जाणकार पालिकेच्या उद्यान विभागाने बसवावा. जानेवारी-फेब्रुवारीत लोकांनी हे पाहिले, तर कुंड्या बदलायला त्यांच्याकडे पावसाआधी तीन-चार महिने राहतील.

आपली नम्र,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका,
नेरुळ, नवी मुंबई