सूर्याकडे पाहून आंधळे झालेले ते सहा जण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला एलएसडी या भास घडवणाऱ्या नशेच्या रसायनावरचा लेख वाचता वाचता काल माझा चहा गार झाला. दुसरा करून मिळाला नाही, तो राग निराळा. ‘एलएसडी घेतलेले सहा विद्यार्थी सूर्याकडे एकटक पाहत बसले, कायमचे आंधळे झाले आणि मग अमेरिकेला बंदी घालावी लागली’ हे वाक्य आपल्या दैनिकात चौकट करून, ठळक टाइपात छापून आले आहे. लेखकमहाशयांचे नाव देऊन त्यांना लाजवत नाही.

ते सहा विद्यार्थी कधी अस्तित्वातच नव्हते. जानेवारी १९६८ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याच्या अंधकल्याण कार्यालयाचे आयुक्त नॉर्मन योडर यांनी ही हकिगत सांगितली. वर्तमानपत्रांनी ती हातोहात उचलली, गव्हर्नर शाफर यांनी आधी दुजोराही दिला. आणि मग त्याच गव्हर्नरांना पत्रकारांपुढे येऊन सांगावे लागले की सगळा बनाव आहे. तरुण पोरांनी या वाटेला जाऊ नये या काळजीपोटी आयुक्तसाहेबांनी सहा जणांचे डोळे कागदावरच फोडले होते. बरे, कॅलिफोर्नियातली बंदी ६ ऑक्टोबर १९६६ पासूनची. १९६८ च्या बातमीने १९६६ ची बंदी कशी आली, हे पुरवणी विभागातल्या कोणी बोटे मोजून तरी पाहायचे होते.

एलएसडीने गुणसूत्रे तुटतात, या लेखातल्या दाव्याचेही तेच. १९६७ मध्ये काचेच्या नळीतल्या पांढऱ्या पेशींवर एलएसडी टाकून गुणसूत्रे तुटल्याचे ‘सायन्स’मध्ये छापून आले. १९७१ मध्ये त्याच नियतकालिकाने आढावा छापला की माणसाने मध्यम मात्रेत घेतलेल्या शुद्ध एलएसडीने तसे काही होत नाही. आपले लेखक १९६७ पर्यंत वाचून थांबलेले दिसतात.

माझा संताप थोडा वैयक्तिक आहे, तेही सांगून टाकतो. १९९६ साली माझी मुलगी तिसरीत होती. एक दिवस दप्तरातून झेरॉक्सचा कागद आला. झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरे फुटलेली, खाली कोणाची सही नाही. मजकूर असा, की निळ्या ताऱ्याचे आणि कार्टूनचे स्टिकर शाळांबाहेर वाटले जात आहेत, त्यांना एलएसडी लावलेले असते, नुसता हात लागला तरी मूल दगावते. दुसऱ्या दिवशी वर्गावर्गांतून स्टिकर गोळा झाले. माझ्या मुलीची वही त्यात गेली. बबलगमच्या पुड्यांतले स्टिकर वर्षभर जमवून, एका पानावर सहा, असे तिने मापाने चिकटवले होते. दुपारच्या सुट्टीत ते सगळे मैदानाच्या कोपऱ्यात जाळले. पोर दोन दिवस जेवली नाही.

मी तेव्हा ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. शाळेत जाऊन विचारले, की हे पत्रक कुणी काढले? निळ्या ताऱ्याचे हे पत्रक अमेरिकेत कैक वर्षे फिरते आहे, आणि विष लावलेला असा एकही स्टिकर तिकडे कुणाला सापडलेला नाही. मुख्याध्यापिकाबाई चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, “सर, तुम्ही शिक्षक असून ड्रग्जची बाजू घेता?” पुढच्या पालकसभेत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. रविवारी लेख वाचून मुलीने फोनवर विचारले, “बाबा, माझी वही भरून देतील का हे लोक?” आता मी कुणाला सांगू?

मी बाजू घेत नाही. ज्याच्या घरात मनोविकाराचा इतिहास आहे त्याचे एलएसडीत भिजवलेल्या या कागदी चिटोऱ्याने काय होऊ शकते, ते लिहा ना. एलएसडी म्हणून भलतेच रसायन विकले जाते आणि त्याने माणसे मेली आहेत, तेही लिहा. पण पोरगा आधी तुमचे आंधळे विद्यार्थी मोबाईलवर तपासतो, ते खोटे निघतात, आणि मग तो खऱ्या धोक्यावरही विश्वास ठेवत नाही.

बंदी का आली, हे लेखात आहेच कुठे? थॅलिडोमाइड या औषधाने गरोदर बायकांची मुले अपंग जन्मली, त्या हाहाकारानंतर १९६२ मध्ये अमेरिकेत औषधांचे कायदे आवळले गेले, त्यात एलएसडीवरचे संशोधन अडकले. १९६३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने एलएसडीचा पुरस्कार करणाऱ्या टिमथी लिअरी या मानसशास्त्रज्ञाला काढले आणि तो गावोगाव प्रचारक झाला. माल प्रयोगशाळेतून रस्त्यावर आला, केसाळ पोरे व्हिएतनाम युद्धाविरुद्ध उभी राहिली आणि आईबाप धास्तावले. १९६६ मध्ये सिनेटच्या सुनावणीत रॉबर्ट केनेडींनी अधिकाऱ्यांना विचारले होते, की सहा महिन्यांपूर्वी हे प्रयोग मोलाचे होते, तर आज का नाहीत? त्यावर धड उत्तर मिळाले नाही. सगळे खापर निक्सनवर फोडणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे, की १९६६ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष नव्हते.

मग अशा रसायनांवर जगभर बंधने घालणारा १९७१ चा व्हिएन्नाचा करार आणि आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा. त्यात भांगेच्या पानाला वाट ठेवली, होळी सांभाळली. एलएसडीची ‘व्यावसायिक मात्रा’, म्हणजे जिच्यापुढे सर्वांत कडक शिक्षा लागते ती, मात्र ०.१ ग्रॅम. निव्वळ रसायनाच्या हिशेबाने हे हजारेक डोस होतात. पण २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रसायन ज्यात मुरवतात त्या कागदाचेही वजन धरायचे म्हटले, म्हणजे टिकलीएवढ्या डझनभर चिटोऱ्यांवर किमान दहा वर्षे. गोव्यात नाताळात पकडलेल्या पोरांच्या बातम्या आपण दरवर्षी ‘लाखोंचा साठा’ म्हणून छापता. तो आकडा कोण काढतो, हे एकदा छापावे.

खुलासा छापणार असाल तर निदान त्याच जागी, त्याच टाइपात छापा. माझे मागचे पत्र आपण तीन ओळींचे केले होते आणि त्यातही ‘रसायनशास्त्र’चे ‘रसायनशस्त्र’ झाले होते.

आपला चाळीस वर्षांचा वर्गणीदार,
एक निवृत्त शिक्षक, मिरज

ता. क. : गुरुवारच्या शब्दकोड्यात उभे १४ चार अक्षरी मागितले आहे आणि चौकोन पाच आहेत. माझी सकाळ त्यात गेली.