आपका रेट क्या रहेगा?

नागपूर,
2 ऑगस्ट

प्रिय बंडू,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या मागच्या पत्रांना उत्तर न देता आज भलत्याच कारणासाठी लिहायला बसलो आहे, याबद्दल जे म्हणायचे ते मनात म्हणून घे आणि पुढे वाच. प्रकृती सर्वांची ठीक. माझी साखर आहे तिथेच आहे.

परवा रात्री जोशीमठहून फोन आला. फेब्रुवारीत आम्ही स्कीइंगसाठी औलीला गेलो असताना ज्यांच्या लॉजवर उतरलो होतो, त्या गृहस्थांचा. त्यांच्या मुलाला आपल्या व्हीएनआयटीत स्थापत्य अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आहे आणि वसतिगृहाची खोली ताब्यात येईपर्यंत त्याने आमच्याकडे राहावे, अशी त्यांची इच्छा आहे. मी आनंदाने हो म्हटले. त्यावर त्यांनी अत्यंत आदराने विचारले, "तो भाईसाहब, आपका रेट क्या रहेगा?"

उद्या कळवतो म्हणून मी फोन ठेवला, आणि तेव्हापासून घरात दोन पक्ष पडले आहेत. सौ.चे म्हणणे असे की, ज्या बाईने माझे ओले मोजे स्वतःच्या चुलीजवळ वाळवले, तिच्या मुलाकडून जेवणाचे पैसे घेणे म्हणजे निर्लज्जपणाची परिसीमा आहे. माझे म्हणणे काय आहे, हे मला अजून नीट सांगता येत नाही; तुला लिहिता लिहिता ते सापडेल असे वाटते, कारण या विषयावर आपण धरमपेठेत खाणावळीच्या काकूंच्या ओसरीवर पुरेसे भांडलेलो आहोत.

आधी ते घर समजून घे. ऋषीकेशपासून आधी गंगेच्या आणि देवप्रयागानंतर अलकनंदेच्या काठाने दिवसभर गाडीत हिंदकळल्यावर जोशीमठ येते. (त्या रस्त्याचा नवा क्रमांक सात आहे. आपला जबलपूर रोडचा सात नंबर काढून बद्रीनाथाला देऊन टाकला आणि आपल्या हाती चव्वेचाळीस ठेवला, याचा राग मला देवप्रयागापर्यंत पुरला.) औलीत स्कीच्या उतारालगतच्या हॉटेलांत नुसती खोली ज्या भावाने मिळते, त्याहून कमी पैशांत इथे खोली, सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण मिळत होते. खाली कुटुंब, वर पाहुण्यांच्या चार खोल्या. जोशीमठहून औलीला जाणारा रोपवे 2023 च्या जानेवारीत जमिनीला तडे गेल्यापासून बंद असल्यामुळे रोज सकाळी जीपने वर जावे लागे, आणि ती जीपही तेच ठरवून देत.

रात्री नळातले पाणी गोठे, म्हणून आंघोळीचे पाणी लाकडांवर तापवून बादलीने मिळे. निजण्यापूर्वी गृहस्थ स्वतः वर येऊन कोळशाची अंगीठी खोलीबाहेर नेत. बंद खोलीत तिच्या विषारी वायूने माणसे झोपेतच जातात, हे ते रोज तितक्याच गांभीर्याने सांगत. जेवणात मंडुव्याची, म्हणजे आपल्या नाचणीची, भाकरी आणि गहतची डाळ, म्हणजे कुळीथ. सौ.ने भेट दिलेला सावजी मसाला गृहस्थांनी डाळीत चमचाभर घातला. बाहेर बर्फ पडत असताना त्यांना घाम फुटला, आणि दुसऱ्या दिवशी तो डबा मला औषधांच्या कपाटात दिसला.

मुलगा सुटीच्या दिवशी मला स्की शिकवायला येई. पडल्यावर बूट पट्टीतून सुटून यावा, नाहीतर पाय पिरगळतो, म्हणून त्याची पकड वजनानुसार जुळवतात. मी सांगितलेल्या वजनावर विश्वास न ठेवता त्याने मला काट्यावर उभे केले. पुढची टोके जवळ, टाचा बाहेर, गुडघे वाकवून हळूहळू उतरायचे, आणि पडायचेच असेल तर मागे न बसता कुशीवर पडायचे, एवढे त्याने मला शिकवले. त्यातले शेवटचे मला उत्तम जमले. शिकवण्याचे पैसे त्याने तासाच्या हिशेबाने घेतले. माझ्या स्की मात्र खांद्यावर त्याने दर वेळी फुकट वाहिल्या.

निघताना बिल मिळाले ते शाळेच्या वहीच्या कागदावर. खोली, जेवण, कोळसा आणि गरम पाण्याच्या बादल्या, प्रत्येक बादली वेगळी. सौ.चा गुडघा मुरगळला त्या रात्री मुलाच्या आईने लसूण घालून तापवलेले मोहरीचे तेल चोळत जागून काढलेले तास त्यात नव्हते. बादलीला लाकूड लागते म्हणून बादली लिहिली. जे दिले ते लिहिले नाही. सौ.ला बादल्यांचा तो रकाना फार लागला. मला, बंडू, तो रकाना वाचून हायसे वाटले. कारण सांगतो. येताना आम्ही दिल्लीत तिच्या मामेभावाकडे उतरलो. तो रुपयासुद्धा घेणार नव्हता, त्यामुळे गीझर लावा असे म्हणायला माझी जीभ रेटेना, आणि दिल्लीच्या त्या थंडीत मी गार पाण्याने आंघोळ केली. जोशीमठात मात्र पहाटे जिन्यावरून "और एक बाल्टी" असे खुशाल ओरडत होतो.

हे तुझेच वाक्य आहे, हे मला ठाऊक आहे. "पैसे देतो म्हणून दुसऱ्यांदा भात मागता येतो." दिवाळीचे खाडे तू काकूंच्या पैशांतून कापलेस, तेव्हा मी तुला वाणी म्हणालो होतो आणि अकोलेकर मध्ये पडला नसता तर प्रकरण हातघाईवर आले असते. काकूंनी तुझीच बाजू घेतली, हे मला अजून खुपते. पण त्याच काकू एकादशीच्या साबुदाण्याचे पैसे कधी लावत नसत, हे तूही तेव्हा कबूल केले नव्हतेस.

आता हा मुलगा. त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत एक भेग आहे. त्या जानेवारीत गावातल्या आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले, त्यांतलीच ती. भेगेवर त्याने काचेची पट्टी चिकटवली आहे. भिंत सरकली तर काच तडकेल. 1976 च्या मिश्रा समितीने हे गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसले आहे, जपून बांधा, असे बजावले होते, हे मला त्याने त्या भिंतीपाशी उभे राहून सांगितले. स्थापत्य का घेतो आहेस, हे मग मी विचारले नाही. असा मुलगा आमच्याकडे फुकट राहिला तर पोळी नको म्हणेल, फ्रिज उघडण्यापूर्वी विचारील, ऑगस्टच्या या दमट उकाड्यात कूलर बंद करून निजेल. आणि आम्ही पुन्हा जोशीमठला गेलो तर ते आमच्याकडून पैसे घेणार नाहीत. म्हणजे मला पुन्हा बादली मागता येणार नाही. सौ. म्हणते, तुम्हाला मुलाची नव्हे, बादलीची काळजी आहे. ते पूर्ण खोटे नाही.

तूर्त मी असे ठरवतो आहे की खोलीचे काही घ्यायचे नाही, दोन वेळच्या जेवणाचे आणि कूलरच्या विजेचे घ्यायचे, आणि सणावाराचे लिहायचे नाही. सौ. अजून बोलत नाही. पोळ्याला पुरणपोळ्या त्याच्या खात्यावर मांडणार का, एवढेच विचारून गेली.

वहिनींच्या बदलीचे काय झाले? तुझे घराचे काम पावसात अडले असेल. गच्चीला वॉटरप्रूफिंग आधी करून घे. धाकट्याचे अभिनंदन सांग, पेढ्यांची वाट पाहतो आहे.

मुलगा मंगळवारी येतो आहे, तेव्हा पत्राने नको, फोनने एक गोष्ट कळव. काकू खाडा धरीत, तो सलग तीन दिवसांच्या गैरहजेरीनंतर की चार? आणि अर्ध्या दिवसाचा धरीत होत्या का? अकोलेकर म्हणतो धरीत होत्या, पण त्याच्यावर माझा विश्वास नाही.

तुझा,
नाना