तीन ओळींच्या पत्रापायी गेलेलं वर्ष : शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

शालेय विद्यार्थी आदानप्रदान कार्यक्रमातून एका शैक्षणिक वर्षासाठी अमेरिकेला जाण्याकरता माझ्या मुलीची निवड झाली होती. ‘होती’ असं लिहावं लागतंय, कारण मागच्या शुक्रवारी संस्थेचा निरोप आला. मुदतीत कागद पूर्ण झाले नाहीत, म्हणून तिची जागा प्रतीक्षा यादीतल्या विद्यार्थ्याला गेली. राहिलेला कागद एकच होता आणि तो आपल्या विभागाकडून यायचा होता.

गेल्या वर्षी एका समारंभात आपण व्यासपीठावरून सांगितलं होतंत की, परदेशी शाळेत वर्षभर शिकून परतणाऱ्या एकाही मुलाचं वर्ष वाया जाऊ देणार नाही, महिन्याभरात परिपत्रक निघेल. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, मुलगी शेजारी होती. आपल्या त्या शब्दावर विसंबून तिनं अर्ज भरायला घेतला.

हा अर्ज म्हणजे नाव-गाव भरून सही ठोकण्याचा प्रकार नाही. मागच्या वर्षांचे गुण, शिक्षकांची शिफारस, डॉक्टरांचा तपासणी अहवाल, अगदी तान्हेपणापासूनच्या लसींच्या तारखा, इंग्रजीची चाचणी, मुलाखत. आणि सगळ्यात अवघड म्हणजे एक पत्र, अजून ठरलेल्याही नसलेल्या घराला. मी तुमच्याकडे राहायला येणार आहे, मी अशी आहे. ते तिनं सहा वेळा फाडलं. पहिल्या खर्ड्यात नुसती बक्षिसं होती. शेवटच्यात तिनं लिहिलं की, मला अंधाराची भीती वाटते आणि भांडण झालं की मी बोलणंच बंद करते. ते वाचून मी उठून आत गेले. सतरा वर्षांत हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं.

आता तिकडची बाजू ऐका. अमेरिकेच्या नियमांनुसार यजमान घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते. घरी येऊन मुलाखत होते, घराचे फोटो घेतले जातात, घराबाहेरच्या दोघांची ग्वाही लागते. मूल ठेवून घेतल्याचा मोबदला त्या कुटुंबाला घेता येत नाही. मूल तिथं पोचल्यावर दर महिन्याला त्याची विचारपूस करणं समन्वयकाला बंधनकारक आहे. एका परक्या मुलीसाठी परकी माणसं एवढं सोसतात. आणि तिच्या स्वतःच्या शिक्षण विभागाला तीन ओळी लिहवल्या नाहीत: सदर विद्यार्थिनी परत आल्यावर तिला शाळेत प्रवेश मिळेल व तिकडचं वर्ष ग्राह्य धरलं जाईल.

शाळा म्हणाली, विभागाचं पत्र आणा. विभाग म्हणाला, शाळेचा ठराव आणा. ठराव नेला तर परिपत्रक दाखवा म्हणाले. परिपत्रक तर तुम्हीच काढणार होतात ना, साहेब? अकरा आठवड्यांत मी चौदा खेटे घातले. आवक क्रमांक मिळाला, उत्तर नाही. ‘आठ दिवसांत होऊन जाईल’ हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या टेबलांवर ऐकलं. शेवटी एकानं दाखवलं की हजेरीपटात ‘परदेशी शिक्षणासाठी’ असा रकानाच नाही, म्हणून वर्षभर ती गैरहजर धरावी लागेल, म्हणजे शाळा सोडलेली. दाराबाहेर उभा असलेला दलाल मात्र दोन दिवसांत पत्र आणून देणार होता. माझ्या नवऱ्यानं नकार दिला. आता रात्री जागून तो स्वतःलाच दोष देतो.

‘पुढच्या वर्षी जाऊ दे’ असं सांगू नका. हे सांगणारे तुमच्या कार्यालयात सहा जण भेटले. कार्यक्रम सुरू होताना वय 15 ते साडेअठरा लागतं. या ऑगस्टमध्ये ती सतरा वर्षं आठ महिन्यांची होईल. पुढच्या ऑगस्टमध्ये दोन महिन्यांनी ती बाद आहे. कायमची.

दुसरीकडे हे जमतं. इटलीच्या शिक्षण मंत्रालयानं 2013 मध्ये शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या की, परदेशात घालवलेला काळ हा मुलाच्या शिक्षणाचाच भाग समजा. जर्मनी आणि अमेरिकेच्या संसदांची संयुक्त शिष्यवृत्ती 1983 पासून चालू आहे आणि तिथं जर्मन खासदार एकेका विद्यार्थ्याचं पालकत्व घेतात. खासदार, साहेब. आमच्याकडे लिपिक फाईलवर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारतो आणि ती चर्चा कोणाशी, कधी, हे कुणालाच ठाऊक नसतं.

ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना या पत्राची गरजच पडत नाही. ते तिकडच्या खासगी शाळेत फी भरतात आणि तिथूनच पुढं जातात. आदानप्रदान ही परत येणाऱ्या मुलांची वाट आहे, आणि तुमची व्यवस्था अडवते ती नेमकी परत येणाऱ्यालाच. हजेरीपटातला रकाना मुलापेक्षा मोठा कधी झाला? मूल एक वर्ष नजरेआड झालं की तुमच्या लेखी ते गळतीच्या आकड्यात, मग ते कुठे शिकतंय याच्याशी देणंघेणं नाही. एवढ्या समित्या, एवढी धोरणं, आणि कोऱ्या कागदावर स्वतःच्या जबाबदारीनं सही करायची हिंमत असलेला एक अधिकारी या इमारतीत मला सापडला नाही.

मुलगी काल बॅगेतले कपडे कपाटात परत लावत होती. मी मदतीला गेले तर नको म्हणाली. तेव्हापासून ती बोललेली नाही.

तिचं पत्र आता आलं तरी उपयोग नाही. पण तिच्याच शाळेतल्या, तिच्याहून एका वर्षानं लहान असलेल्या एका मुलाचा अर्ज तुमच्या त्याच टेबलावर पडून आहे. तो सोळा वर्षांचा आहे, त्याची मुदत संपायला एकोणीस दिवस उरलेत. त्याची आई परवा सकाळी तुमच्या कार्यालयात येईल. मीही तिच्याबरोबर असेन. तीन ओळी तयार ठेवा.

आपली,
एका विद्यार्थिनीची आई