एक्स-रे आमच्याआधी गावात पोचला

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

माझी पुतणी बावीस वर्षांची. महिनाभर खोकला जाईना, संध्याकाळ झाली की कणकण यायची, म्हणून तिला तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात दाखवलं. थुंकी तपासली, छातीचा एक्स-रे काढला. टीबी निघाला. डॉक्टरांनी नीट समजावलं, सहा महिने गोळ्या न चुकता घेतल्या की पोरगी बरी होईल म्हणाले आणि पुढच्या तपासणीसाठी घाटीची (छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयाची) चिठ्ठी दिली. इथवर काहीच तक्रार नाही.

आम्ही एसटीनं घरी पोचेपर्यंत गावाला आजार कळलेला होता! दवाखान्यातल्या कुणीतरी एक्स-रे आणि रिपोर्टचे फोटो रेफर पेशंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले होते. त्या ग्रुपात डॉक्टर आहेत तसे लॅबवाले, मेडिकलवाले, ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हरही आहेत. फोटो फिरत फिरत माझ्या चुलतभावाच्या मोबाईलवर आला, तेव्हा मी पाहिला. एक्स-रेच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत पोरीचं पूर्ण नाव आणि वय, रिपोर्टवर गाव आणि तिच्या वडिलांचा नंबर. बोलणी सुरू होती त्या स्थळाकडून चौथ्या दिवशी ‘सध्या थांबू’ असा निरोप आला. त्याहून वाईट म्हणजे, आल्यागेल्याला दिसू नयेत म्हणून ती गोळ्या ज्वारीच्या कणगीमागं लपवायला लागली. दोन दिवस डोस चुकला, तेव्हा कुठं घरात कळलं.

माहिती कुणालाच देऊ नये, असं मी म्हणत नाही. टीबीचा रुग्ण सरकारला कळवणं २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे आणि ते योग्यच आहे. सरकारच्या ‘नि-क्षय’ या टीबी नोंदणीच्या पोर्टलवर नोंद झाली म्हणूनच पोषण आहाराचे महिना हजार रुपये मिळतात. घाटीतल्या डॉक्टरांना एक्स-रे आधी पोचला तर पेशंटचा हेलपाटाही वाचतो. पण मग तो त्या एका डॉक्टरांनाच पाठवा ना, आणि पाठवण्याआधी पेशंटला विचारा. मेडिकलवाल्याला तिचं नाव-गाव कशाला पाहिजे?

गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्येच सांगितलं. राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार दवाखान्यात रुग्ण हक्कांची सनद लावावी लागते. त्या दवाखान्यात ती होती, आम्ही बसलो त्या बाकड्याच्या बरोबर वर. गोपनीयतेचा हक्क तीत छापलेला आहे.

जिल्हा शल्यचिकित्सकांना माझी हात जोडून विनंती आहे. नर्सिंग होमची नोंदणी आणि तपासणी आपल्या अखत्यारीत येते. तपासणीला जाल तेव्हा सनद लावली का, एवढंच पाहू नका. रिपोर्ट कोणाच्या फोनवरून जातो, कोणाला जातो, पेशंटची संमती कुठं लिहून घेतली, हेही विचारा. आणि असे ग्रुप असतील तर त्यांतले जुने फोटो काढून टाकायला लावा. आमच्या पोरीचा एक्स-रे अजून तिथंच आहे.

तिची ओळख पुन्हा उघड होऊ नये म्हणून माझं नाव आणि गाव छापू नये.

आपला,
एक वाचक, बीड जिल्हा