रक्त पडलं की मूळव्याधच असं नसतं

संपादक साहेब,
शौचातून रक्त गेलं की आपल्याकडे सरळ मूळव्याधीचं चूर्ण सुरू होतं, महिनोन्महिने, आणि शेवटी कोलोनोस्कोपीत (दुर्बिणीनं मोठ्या आतड्याची तपासणी) अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज न जखमा होण्याचा जुनाट आजार निघतो. मला आहे म्हणून लिहितेय. मेसालामाइन हे आतड्याची सूज कमी करणारं औषध बरं वाटलं तरी चालू ठेवायचं असतं, लोक बंद करतात न मग परत जुलाब. आजार गुदाशयापुरताच असेल तर सपोझिटरी (गुदद्वारातून आत ठेवायची औषधाची कांडी) तोंडानं घ्यायच्या गोळीपेक्षा भारी काम करते पण लाजेपोटी कुणी घेत नाही! स्टेरॉइड फ्लेअर, म्हणजे आजाराचा उसळलेला जोर, आटोक्यात आणायला ठीक, कायमचं नाही, आणि एकदम थांबवायचंही नाही, डोस हळूहळू उतरवायचा. डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलरनं आजार उसळू शकतो हे मेडिकलवाले सांगतच नाहीत. तुमच्या आरोग्य पुरवणीत पोटविकारतज्ज्ञाचा लेख छापा ना.
— एक वाचक, सातारा